ओल मोजावी, पण निकालाची घाई नको

'मॉइश्चर' हा शब्द चिकलठाण्याच्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगायला नको. हमीभावाने सोयाबीन विकताना १२ टक्क्यांच्या अटीने त्याचा जीव टांगणीला लावलेला असतो. आता याच परिसरात फ्लॅटचा ताबा घेताना भिंतीलाही ओल मोजायचं यंत्र लावून पाहा, असा सल्ला मिळतो. सल्ला चांगला आहे. मात्र धान्यातला आकडा आणि भिंतीवरचा आकडा एका मापाचे नाहीत.

दोन टोकदार सुयांचं हे यंत्र सुयांमधला विद्युतरोध मोजतं. ओल वाढली की रोध घटतो. पडद्यावरची टक्केवारी बहुधा लाकडासाठी बसवलेली असते. दाराच्या चौकटीला ती लागू पडते, गिलाव्यावर तिचा उपयोग फक्त तुलनेपुरता. त्यात बांधकाम बोअरच्या खाऱ्या पाण्यावर झालं असेल, तर भिंतीतल्या क्षारांमुळे थोड्या ओलीवरही आकडा चढतो. लोणा लागलेल्या कोपऱ्यात सुया टेकवून लगेच बिल्डरला दोषी धरणं म्हणूनच अन्यायाचं ठरेल.

पण एवढ्यावरून यंत्रच नको म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ताबा देण्याच्या घाईत ओल्या गिलाव्यावर पुट्टी आणि रंग चढतो, मे महिन्याच्या कोरड्या हवेत भिंत वरून ठणठणीत दिसते आणि पावसाळ्यात पोपडे सुटतात. तेव्हा ग्राहकाच्या हाती काय असतं? म्हणून ताबा घेतानाच एकाच भिंतीवर जोत्यापासून वर वीतवीतभर अंतरावर नोंदी घ्याव्यात. आकडा खाली जास्त आणि वर कमी होत गेला, तर जमिनीतून चढणाऱ्या ओलीचा संशय घ्यावा. न्हाणीघरामागे एकाच जागी तो चढला, तर आधी नळजोड तपासावा. ऑगस्टमध्ये त्याच खुणांवर पुन्हा मोजावं.

तारखेसह ठेवलेल्या अशा नोंदींना वजन आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्याने आकडा अमान्य केला, तर सिमेंटच्या गिलाव्याचा आतला चुरा काढून लगेच हवाबंद डबीत भरावा, प्रयोगशाळेत वजन करून १०५ अंशांवर वाळवावा आणि पुन्हा तोलावा. हा खर्च आधी बिल्डरने उचलावा, आणि ओल निघाली नाही तर ग्राहकाने तो भरून द्यावा. ताब्याच्या करारातच तसं लिहून घ्यावं.