‘बीसीसी’चा रकाना आणि रुग्णाचे गुपित

लंडनमधील ‘५६ डीन स्ट्रीट’ या लैंगिक आरोग्य केंद्रातून १ सप्टेंबर २०१५ रोजी ७८१ जणांना एक माहितीपत्रक ई-मेलने पाठवण्यात आले. ते मुख्यतः एचआयव्हीबाधितांसाठीच्या सेवेचे होते. सगळे पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात भरायचे होते, ते ‘टू’मध्ये भरले गेले. त्यामुळे प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसले आणि त्यातल्या ७३० पत्त्यांमध्ये माणसांची पूर्ण नावे होती. चूक लगेच लक्षात आली, मेल परत बोलावण्याचा प्रयत्नही झाला. पण दुसऱ्याने वाचलेला मेल परत येत नसतो. घरच्यांनाही न सांगितलेली गोष्ट शेकडो अनोळखी लोकांना कळून चुकली होती. पुढच्या वर्षी तेथील माहिती आयुक्तांनी संबंधित रुग्णालय संस्थेला १ लाख ८० हजार पौंड दंड केला.

या प्रकरणात दंडापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्याच संस्थेत २०१० मध्ये अगदी अशीच चूक झाली होती. तेव्हा औषध विभागातून १७ रुग्णांना एक प्रश्नावली गेली होती आणि त्या वेळीही पत्ते चुकीच्या रकान्यातच होते. त्यानंतर काही उपाय झाले, पण कर्मचाऱ्यांना नेमके प्रशिक्षण मिळाले नाही. पाच वर्षांनी १७चे ७८१ झाले.

टंकलेखन यंत्रावर काम केलेल्या पिढीला ‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी हे वेगळे सांगावे लागत नाही. कागदाखाली निळा कार्बन घालायचा, प्रत निघायची आणि ती कोणाकोणाला गेली हे पत्राखाली लिहायचे. ‘बीसीसी’ ही तशीच प्रत, फक्त ती कोणाला गेली हे इतरांना दिसत नाही. एवढे समजावायला पाच मिनिटे पुरतात. पण ती पाच मिनिटे कोणाच्याही कामाच्या यादीत नसतात. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत संगणक येतो, त्याचे उद्घाटन होते, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून केसपेपरच्या खिडकीवरचा लिपिक, वॉर्डातल्या सिस्टर आणि प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ एकमेकांना विचारत विचारत शिकू लागतात. हात कसे धुवावेत याचे तक्ते बेसिनवर लागतात. मेल कसा पाठवावा याचा तक्ता कुठेही दिसत नाही.

दिसते ती मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी. तिच्यावरून कर्मचाऱ्यांना रागावणे सोपे आहे. पण एका संगणकावर तीन पाळ्यांतली माणसे काम करतात, दारात रांग लागलेली असते, लॉग-इनला वेळ लागतो. अशा वेळी चिठ्ठी ही निष्काळजीपणापेक्षा नाइलाजाची खूण असते. तिचा धोका मात्र खरा आहे. सगळ्यांनी एकाच्याच नावाने नोंदी केल्या, तर औषधाची मात्रा कोणी बदलली हे नंतर शोधता येत नाही आणि जबाबदारी ज्याच्या नावाचा पासवर्ड आहे त्याच्या गळ्यात पडते. यात वरिष्ठ डॉक्टरही मागे नाहीत. स्वतःचा पासवर्ड इंटर्नला सांगून राउंडला निघून जाणारे काही थोडे नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र खाते आणि लक्षात राहील असा लांब पासवर्ड ही प्रशासनाने करण्याची गोष्ट आहे. दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची सक्ती केली, तर चिठ्ठ्याच वाढतात.

फसवे मेल ओळखण्याबाबतही असेच. सरकारी कर्मचाऱ्याला लॉटरीचा मेल सहसा फसवत नाही. ‘थकबाकीचा तक्ता’, ‘बदल्यांची यादी’, ‘पगारपत्रक’ हे शब्द फसवतात. अशी फाइल उघडण्याआधी पाठवणाऱ्याच्या पत्त्यातला ‘अ‍ॅट’च्या चिन्हानंतरचा भाग अगदी शेवटपर्यंत वाचावा. शासकीय पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असते. मध्येच कुठेतरी ‘जीओव्ही’ लिहिलेले असून उपयोग नाही. पत्ता बरोबर असूनही मजकूर विचित्र वाटला, तर सरळ फोन करून विचारावे.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मधील सर्व्हर सायबर हल्ल्यामुळे बंद पडले. नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे बरेच दिवस कागदावर करावी लागली. सरकारने संसदेत त्याचे कारण नेटवर्कची अयोग्य विभागणी असे सांगितले, म्हणजे दोष रचनेचा होता. सगळे खापर कोणा एका लिपिकाच्या क्लिकवर फोडायची सवय असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मात्र यंत्रणा ठप्प झाली की त्याची झळ कोणाला बसते, हेही त्या दिवसांत दिसले. ती बाहेरगावाहून रात्रभर प्रवास करून आलेल्या रुग्णाला बसते.

चूक झाल्यावर पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो. संशयास्पद फाइल उघडली गेली, तर संगणकाची नेटवर्कची तार काढून तत्काळ कळवले पाहिजे. रुग्णाचा अहवाल भलत्याच पत्त्यावर गेला, तर त्या व्यक्तीला तो पुसायला सांगून रुग्णालाही कळवले पाहिजे. पण कळवल्यावर पहिली गोष्ट कारणे दाखवा नोटिसीची होणार असेल, तर कोण कळवेल? माणूस गुपचूप संगणक बंद करील आणि घरी जाईल. सुईटोचणीच्या बाबतीत हा धडा रुग्णालये आधीच शिकली आहेत: सुई टोचल्याचे न घाबरता सांगितले, तरच प्रतिबंधक औषध वेळेत सुरू होते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे आणि तो दंड संस्थेला आहे, टेबलावरच्या माणसाला नव्हे.

म्हणून प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेत, मराठीत आणि त्याच संगणकावर व्हायला हवे. सभागृहातल्या इंग्रजी स्लाइड आणि सही करायचा हजेरीपट यांनी काम भागणार नाही. कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटरला त्यातून वगळता कामा नये, कारण बहुतेक मेल तोच पाठवतो. आणि सुरुवात कुठून करायची असेल, तर रुग्णांचे अहवाल कर्मचाऱ्यांच्या खासगी मोबाइलवरून व्हॉट्सअ‍ॅपवर कसे फिरतात, इथूनच करावी. नातेवाइकांच्या, सहकाऱ्यांच्या, कधी गावाच्या ग्रुपमध्ये एक्स-रे जाऊन पडतो आणि त्याच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव आणि वय स्पष्ट वाचता येते.