नवा लॅपटॉप 'फॉरमॅट' करून घेताय? आधी हे वाचा

नवा लॅपटॉप घेतला की दुकानदार किंवा ओळखीतला कॉम्प्युटरवाला हमखास विचारतो, 'फॉरमॅट मारून फ्रेश विंडोज टाकून देऊ का? ऑफिस, फोटोशॉप सगळं टाकतो.' मुलांच्या कॉलेजसाठी हप्त्यांवर लॅपटॉप घेणारे पालक लगेच होकार देतात. नव्या लॅपटॉपवर विंडोज पुन्हा टाकण्यात गैर काही नाही. मात्र कोणते विंडोज, कुठून आणलेले, हे न विचारता दिलेला होकार महागात पडू शकतो.

पैसे आधीच भरलेले असतात

विंडोजसह मिळणाऱ्या लॅपटॉपच्या किमतीत परवान्याचे पैसे धरलेले असतात. पूर्वी परवान्याचा क्रमांक लॅपटॉपच्या तळाशी स्टिकरवर असायचा. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून कंपन्या तो मदरबोर्डवरील चिपमध्येच साठवू लागल्या. त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकली, तर क्रमांक विचारला जात नाही आणि इंटरनेट जोडताच विंडोज अ‍ॅक्टिव्हेट होते.

घोळ होतो तो आवृत्ती बदलली की. परवाना 'होम'चा आणि टाकले 'प्रो', तर तो परवाना चालत नाही. मग 'क्रॅक' वापरला जातो. म्हणजे पैसे मोजून घेतलेले अस्सल विंडोज काढून त्या जागी चोरीचे बसवले जाते.

क्रॅकची खरी किंमत

क्रॅक चालवण्यासाठी बहुतेक वेळा अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि त्या अनोळखी प्रोग्रामला लॅपटॉपचे सर्वाधिकार द्यावे लागतात. तो कोणी लिहिला, आणखी काय करतो, हे टाकून देणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्याच लॅपटॉपवर पुढे नेट बँकिंग होते, प्रवेशाचे अर्ज भरले जातात, आधारची प्रत ठेवली जाते. शिवाय सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार गुन्हा आहे.

पुन्हा इन्स्टॉल कधी करावे?

कंपनीने भरलेले नको ते प्रोग्राम हे त्याचे रास्त कारण आहे. २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये आधीपासून असलेल्या 'सुपरफिश' या जाहिरातींच्या सॉफ्टवेअरमुळे सुरक्षित वेबसाइटची देवाणघेवाणही धोक्यात आल्याचे उघड झाले होते. पण केवळ ट्रायल अँटिव्हायरस किंवा गेम नको असतील, तर सेटिंग्जमधील 'अ‍ॅप्स'मध्ये जाऊन ते अनइन्स्टॉल करणे पुरेसे असते.

करायचेच असेल तर असे करा

• आधी स्क्रीन, कीबोर्ड, कॅमेरा, चार्जिंग तपासा. दोष असेल तर लॅपटॉप बदलून घ्या. फॉरमॅटने तो जाणार नाही.

• लॅपटॉपसोबत ऑफिस मिळाले असेल, तर आधी ते आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा.

• डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. फाइल्सची प्रत दुसरीकडे ठेवा.

• सोपा मार्ग : सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी आणि मग 'रिसेट धिस पीसी'. यातील 'क्लाउड डाउनलोड'ला ४ जीबीहून अधिक डेटा लागू शकतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर जपून.

• पूर्ण कोरे विंडोज हवे असेल, तर किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत वेबसाइटवरील 'मीडिया क्रिएशन टूल' वापरा.

• लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवरून वाय-फायचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. इंटेलच्या काही लॅपटॉपमध्ये इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही. तिथे इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर द्यावा लागतो.

• शेवटी सेटिंग्जमधील 'अ‍ॅक्टिव्हेशन' उघडा. तिथे 'अ‍ॅक्टिव्ह' दिसले आणि आवृत्ती मूळचीच असली, की काम झाले.

'डॉस'चा लॅपटॉप स्वस्त का?

कारण त्यात विंडोजचा परवानाच नसतो. तो घेतल्यास परवाना वेगळा विकत घ्यावा किंवा उबुंटूसारखे मोफत लिनक्स वापरावे. सी-डॅकचे 'बॉस लिनक्स'ही मोफत आहे. लेखन, तक्ते, सादरीकरण यांसाठी लिब्रेऑफिस मोफत मिळते आणि त्यात मराठीही चालते.

सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारता येणार नाही. 'सगळं टाकून द्या' हा आग्रह ग्राहकाचाही असतो. म्हणून बिल घेताना विंडोज आहे की नाही आणि असल्यास आवृत्ती कोणती, हे त्यावर लिहून मागा. विद्यार्थ्यांना कोणती सॉफ्टवेअर मोफत किंवा सवलतीत मिळतात, हे कॉलेजांनीही प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवे. पर्याय ठाऊक असतील, तर क्रॅकची गरज बऱ्याच घरांत उरणार नाही.