किल्ला अंगणात, गलबत भंगारात

वाचकहो, दिवाळीत आपल्या मुलांनी अंगणात किल्ला केलाच असेल. बुरूज आहेत, मावळे आहेत, सिंहासनावर महाराज आहेत. पण त्या किल्ल्याच्या पायथ्याशी परातीत पाणी भरून एखादे गलबत सोडलेले कधी पाहिले आहे काय? १६६४ साली मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचा पाया घालणाऱ्या राजाचे आरमार आपण मुलांना दाखविलेच नाही. मग ती बिचारी काय करणार!

विलायतेत हार्टलपूल नावाचे बंदर आहे. तेथे ‘ट्रिंकोमाली’ हे जुने लढाऊ जहाज पाहण्यासाठी लोक तिकीट काढून जातात. हे बांधले कोठे? आपल्या मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारी सागवानात! १८१७ साली पाण्यात उतरलेले हे जहाज आजही तरंगते आहे. घडविणारे हात आमचे, जपणारे मात्र दुसरे.

आणि आम्ही काय जपले? १९६१ साली ‘विक्रांत’ आरमारात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव हादरविले. १९९७ साली ती निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत तिचे संग्रहालय होते. २०१२ साली तेही बंद पडले. २०१४ साली ती भंगारात विकली गेली आणि दारूखान्यात तिचे तुकडे झाले. पुढे त्या पोलादाचा अंश घालून फटफटी निघाली, तेव्हा आम्ही टाळ्या वाजविल्या. आजोबांची तलवार मोडून विळी करावी आणि तिचेच कौतुक सांगावे, तसा हा प्रकार!

“पैसा कोठून आणायचा?” असे शहाणे विचारतात. प्रश्न खोटा नाही. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते आणि एवढे धूड सांभाळणे सोपे नाही. परंतु विशाखापट्टणने ‘कुरसुरा’ पाणबुडी किनाऱ्यावर ओढून घेतली आणि २००२ पासून लोक तिच्या पोटात शिरून ती पाहत आहेत. तेथे जमले ते मुंबईला का जमू नये? खरी उणीव पैशाची नाही, आस्थेची आहे. मागणारेच नसतील, तर देणारा कशाला देईल?

तेव्हा यंदाच्या सुटीत मुलांना घेऊन विजयदुर्गाला जा. तेथून जवळच, वाघोटणच्या खाडीकाठी, गिर्ये येथे खडक फोडून केलेली मराठ्यांची गोदी आहे, तीही दाखवा. मुले प्रश्न विचारतील, विचारू द्या. आणि पुढच्या दिवाळीत त्यांच्या किल्ल्यापाशी एक परात अवश्य ठेवा. गलबत ती आपण होऊन सोडतील.