अनारकलीला टाळ्या, चंपाकलीचे काय?

के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ १९६० साली पडद्यावर आला. २०१६ साली फिरोज अब्बास खान यांनी तो मुंबईत एनसीपीएच्या रंगमंचावर संगीत नाटक म्हणून उभा केला. अनारकली तिथे ध्वनिफितीवर ओठ हलवीत नाही, प्रत्यक्ष गाते. ती भूमिका केलेल्यांत आपली प्रियांका बर्वेही आहे. मूळ कथा इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ सालच्या उर्दू नाटकातली, म्हणजे नाटक फिरून आपल्या घरी आले. प्रयोग देखणा, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो आपल्या लोकांशी.

बाप बादशहा, लेक बंडखोर, मधे पिचणारी आई. पण मुसलमानाचे घर रंगमंचावर यायचे तर तो राजवाडाच का असावा लागतो? १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’तले खाँसाहेबही दरबारातलेच. मिरजेत सतारीचा भोपळा कोरणारा शिकलगार, कडेगावात ताबूत बांधणारा कारागीर, साताऱ्याच्या पेठेत मराठीत घासाघीस करणारी खाला, यांच्या घरात काय भांडणे होत नाहीत? की भरजरी अंगरखा आणि अस्खलित उर्दू असल्याशिवाय आम्ही मुसलमान दिसतच नाही?

साताऱ्याला तर मोगल बापलेकांची नवलाई नाही. १७०० साली औरंगजेबाने अजिंक्यतारा घेतला आणि शहजाद्याच्या नावाने त्याला आझमतारा म्हटले. सातच वर्षांनी तो आझम तख्तासाठी भावाशी लढताना मारला गेला. असो.

खरे घर मिरजेत आहे. कैरानाचे अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारात गायला गेले, तिथे सरदार घराण्यातल्या ताराबाई मान्यांशी त्यांचे मन जुळले आणि दोघांनी बडोदे सोडले. १९२२ साली ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर, सकीनाची पुढे सरस्वती राणे. १९०५ साली याच मिरजेत बालगंधर्व शकुंतला म्हणून उभे राहिले होते, आणि त्याच साली इथे जन्मलेल्या हिराबाईंनी पुढे भावंडांना घेऊन नाटक कंपनी चालवली, स्त्रीभूमिका स्त्रियांना दिल्या. बाप १९३७ साली प्रवासात एका रेल्वे स्टेशनवर गेला. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ त्याची मजार आहे. दरवर्षी मोठमोठे गवई तिथे येऊन हजेरी लावतात.

यात बाप आहे, आई आहे, लेकरे आहेत, दोन धर्म आहेत आणि गाणे तर घरचेच. सलीमच्या दुःखापुढे हे कुठे उणे पडते? तरी कोणी लिहीत नाही. आपले लोक म्हणतात, मुलांनी नावे बदलली, विषय काढू नका. बहुसंख्याकांना माने आणि राणे आपले वाटतात. बाप तेवढा तळटीपेत. दोघांच्या सोयीत एक अख्खे घर गाडले गेले.

घरातली भांडणे वेशीवर टांगू नयेत, असे काही वडीलधारे सांगतील. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून मराठी रंगभूमी रामायण-महाभारतावर पोसली. ती काय घरातल्या भांडणांची नाहीत? त्यांनी आपली भांडणे गाऊन दाखवली. आपण बादशहाच्या शेरवानीआड लपतो.

सांगलीत भावे नाट्यमंदिर आहे, साताऱ्यात शाहू कलामंदिर आहे, तंबोरे मिरजेचेच मिळतील. लिहायला कोण बसतो, तेवढे सांगा.