जुनी झुडपे तोडावीत की छाटावीत?

हजीऱ्याच्या वसाहतींतील बागा आता जुन्या झाल्या. कृभकोचा खत कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्या सुमारास इथे घरे उठली आणि कुंपणाला कण्हेर, तगर, जास्वंद, बोगनवेल लागली. ज्यांनी ती लावली त्यांतले बरेचजण निवृत्त होऊन गावी गेले. झुडपे मात्र खिडक्या झाकून वर गेली आहेत. आतून काटक्या, फुले फक्त शेंड्याला, तीही हाताला न येणारी.

यांचे काय करावे यावर दरवर्षी वाद होतो. मागे एका वसाहतीत ऐन मे महिन्यात, साप येतात म्हणून, सारी रांग गुडघ्याइतकी कापून टाकली. आम्हांला हे मुळीच पटले नाही. समुद्राकडून येणारा खारा वारा तीच कण्हेर अडवीत होती. पावसाळ्यात तिच्यामागची पपई आडवी झाली. भर उन्हात उघडी पडलेली जुनी खोडे करपली, आणि तगरीची कित्येक ठोंबे पुन्हा फुटलीच नाहीत.

सापाची भीती खोटी नाही. घोणस पाचोळ्यात पडून राहिली तर दिसत नाही. पण ती उंदरांमागे येते आणि राहते बुडाशी. तेव्हा झुडपाच्या खालच्या हातभर उंचीतल्या आडव्या फांद्या काढाव्यात, पाचोळा उचलावा, जमीन दिसू द्यावी. आधी लांब काठीने पाला हलवावा, पायांत बूट असावेत. डासांचा आडोसाही याने कमी होतो. (डेंग्यूचा डास कुंडीखालच्या बशीतल्या पाण्यात वाढतो, त्याला कोयता चालत नाही!)

वरची छाटणी तीन वर्षांत वाटून घ्यावी, असे आमचे मत आहे. पहिल्या वर्षी सर्वांत जाड व जुन्या फांद्यांपैकी तिसरा हिस्सा जमिनीलगत करवतीने काढावा, बाकीच्यांना हात लावू नये. आत ऊन पोचले की बुडातून नवे फुटवे येतात. पुढच्या दोन वर्षांत उरलेल्या जुन्या फांद्या तशाच काढाव्यात. नुसती वरून कात्री फिरवली तर बाहेर हिरवे कवच आणि आत सरपण, एवढेच होते. कंत्राटदाराला एका दिवसात सपाट करणे सोपे जाते, हे आम्ही जाणतो. पण झुडूप आपले आहे.

जास्वंद, कण्हेर, तगर फेब्रुवारीत थंडी ओसरताना छाटावीत. बोगनवेल तेव्हा फुलावर असते, तिला पहिल्या पावसापर्यंत थांबावे. बुलबुलाचे घरटे दिसले तर पिले उडेपर्यंत ते झुडूप सोडावे. जाड कापावर मोरचूद व चुना प्रत्येकी १०० ग्रॅम, एक लिटर पाण्यात कालवून लावावा.

कण्हेरीविषयी मात्र कडक राहिले पाहिजे. तिचे पान, फूल, साल, मूळ सारेच विषारी. छाटलेला पाला शेळ्यांपुढे टाकू नये, चुलीत किंवा शेकोटीत जाळू नये, कारण धूरही बाधतो. मुलाने चघळली तर घरगुती उपाय करीत न बसता थेट दवाखाना गाठावा. आणि छाटणाऱ्या माळ्याला हातमोजे व हात धुवायला साबण आपण द्यावा. तो आपले आणील म्हणून वाट पाहू नये.