हत्तीचे पाऊल, मुंगीचे पाऊल

वाचकहो, ‘दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा अर्थ मला ठाऊक आहे, असे गेल्या वर्षापर्यंत मी समजत होतो.

गेल्या वर्षी एका पहाटे माझी 82 वर्षांची आई न्हाणीघराकडे जाताना पडली. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. पुढे वॉकर धरून ती आधी खिडकीपर्यंत, मग स्वयंपाकघरापर्यंत आणि चौथ्या महिन्यात अंगणातील तुळशीपर्यंत पोहोचली. म्हणीचा उत्तरार्ध मला पुरता पटला.

पूर्वार्धाने मात्र अस्वस्थ केले. व्यायाम शिकवण्यास येणाऱ्या फिजिओथेरपिस्टबाईंनी विचारले, “पडण्यापूर्वी त्या कशा चालत होत्या?” उत्तर देताना एकेक गोष्ट आठवत गेली. कित्येक महिने आई भिंतीला हात लावून चालत होती. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांवर भार देत होती. “उठलं की जरा भोवळ येते रे,” असे ती म्हणे आणि “वय झालं आता,” असे म्हणून मी वर्तमानपत्रात डोके घालीत असे. दुखणे आले होते ते मुंगीच्याच पावलाने. मला ते हत्तीएवढे झाल्यावर दिसले.

म्हणून एक विनंती. घरातील ज्येष्ठांना, नेहमीची पादत्राणे घालून, खुर्चीतून उठून 3 मीटर चालून, वळून परत येऊन बसण्यास सांगावे. आपण शेजारी उभे राहावे. 12 सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना भेटावे. भोवळ येत असल्यास रक्तदाब झोपलेल्या आणि उभ्या अशा दोन्ही स्थितींत मोजून घ्यावा. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या औषधांमुळेही तोल जाऊ शकतो; तथापि ती परस्पर बंद करू नयेत. अंथरुणातून उठताना पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटे बसावे. रात्री वाटेत दिवा असावा.

आणि ज्येष्ठ वाचकहो, तोल जातो हे सांगण्यात कमीपणा मानू नका. माझ्या आईने सांगितले होते. ऐकणारा कमी पडला. आपल्या घरी तसे होऊ नये, एवढ्यासाठीच हे लिहिले.