विश्लेषण : नोंदणी संपलेली गाडी आपल्या जागेत ठेवता येते का?

सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली कार, गावाकडे पडवीत ताडपत्रीखाली झाकलेली वडिलांची स्कूटर. नोंदणीची १५ वर्षांची मुदत कधीच उलटली आहे. पण गाडी विकवत नाही आणि मोडीतही काढवत नाही. ‘आपल्याच जागेत तर उभी आहे, कोण काय करणार?’ हा समज निम्माच खरा आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ३९ नोंदणीविना गाडी चालवण्यास मनाई करते. खासगी जागेत नुसती उभी ठेवण्याला या कलमात मनाई नाही. मात्र चालवण्याची मनाई रस्त्यापुरती नाही; ‘अन्य कोणत्याही ठिकाणी’ असेही शब्द त्यात आहेत. म्हणजे बॅटरी उतरू नये म्हणून आवारात मारलेली फेरीही अडचणीची ठरू शकते. कलम १९२ नुसार पहिल्या गुन्ह्याला २ ते ५ हजार रुपये दंड आहे. गाडी फाटकाबाहेर लावली, तर कलम १२७ लागू होते. सार्वजनिक जागी दहा तासांहून अधिक काळ बेवारस सोडलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात.

१८० दिवसांचे काय?

खरी मेख येथे आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील नवे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. वैध नोंदणी न उरलेली गाडी त्यांनुसार ‘आयुर्मान संपलेले वाहन’ ठरते. अशी गाडी मालकाने १८० दिवसांच्या आत अधिकृत मोडतोड केंद्रात किंवा उत्पादकाच्या संकलन केंद्रात जमा करायची असते. शेतीचे ट्रॅक्टर या नियमांतून वगळले आहेत. म्हणजे परिवहनाचा कायदा गाडी उभी राहू देतो, पर्यावरणाचे नियम तिला फार काळ उभी राहू देत नाहीत. गळणारे तेल आणि बॅटरीतील आम्ल व शिसे पाहता या नियमामागचा हेतू योग्यच आहे.

अन्याय कुठे होतो?

नोंदणी नूतनीकरणात. १५ वर्षांवरील कारसाठी शुल्क ५ हजार, तर २० वर्षांवरील कारसाठी १० हजार रुपये आहे. त्यावर उशिराबद्दल कारला दरमहा ५०० आणि दुचाकीला ३०० रुपये. पाच वर्षे उभ्या असलेल्या कारचे हे विलंब शुल्कच ३० हजारांवर जाते, मग ती एक दिवसही रस्त्यावर आलेली नसो. त्यामुळे कागद सरळ करू पाहणारा मालकही माघार घेतो आणि गाडी तिथेच सडते. ब्रिटनमध्ये १९९८ पासून ‘गाडी रस्त्यावर आणणार नाही’ असे कळवण्याची व्यवस्था आहे. तसे कळवले की वाहन कर थांबतो. नोंदणीच्या विलंब शुल्कापुरती अशी सोय येथेही ऑनलाइन द्यायला हवी.

सोसायटीची जागा खासगी का?

मालकांनीही एक गोष्ट मान्य करावी. सामाईक पार्किंग हे घरचे अंगण नव्हे. दिल्लीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी जुन्या गाड्यांसाठी स्वतःची खासगी जागा आणि सामाईक पार्किंग यांत फरक केला, तो रास्त आहे. जागेअभावी शेजारी रस्त्यावर गाडी लावत असताना बंद गाडीने वर्षानुवर्षे जागा अडवणे हा हक्क नाही.

मग काय करावे?

गाडी वापरायची असेल तर नूतनीकरण लवकर करावे. नसेल तर अधिकृत केंद्रात जमा करून ठेव प्रमाणपत्र घ्यावे. नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळू शकते. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाडीसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचा मार्ग आहे. नोंदणी रद्द न करता गाडी भंगारवाल्याला देणे मात्र टाळावे. गाडी जाते, पण कागदोपत्री मालक तोच राहतो. पुढे तिच्या क्रमांकाचा गैरवापर झाला, तर पोलीस त्याच्याच दारात येतात.